पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर: तपासणी कोणत्या क्रमाने करून घ्यावी

पाळी बंद होऊन पूर्ण वर्ष उलटलं आणि त्यानंतर अंगावरून रक्त गेलं, तर ते कितीही थोडं असो, तपासणी झालीच पाहिजे. चड्डीवर एकच डाग पडला, नुसतं गुलाबी किंवा तपकिरी पाणी गेलं, दुखलं-खुपलं नाही, दोन दिवसांत आपोआप थांबलं, तरीही. थांबलं म्हणजे कारण गेलं असं नसतं.

आधी भीती आटोक्यात ठेवणारी गोष्ट सांगते. असं रक्त गेलेल्या बहुतेक जणींमध्ये कारण साधं निघतं. पण साधारण दहा जणींपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि ज्यांना हा कर्करोग होतो त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के जणींत रक्तस्राव हीच खूण असते. इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे कळणारे कर्करोग थोडेच. तो गर्भाशयापुरता असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या बायकांचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे वेळेत दाखवणं हाच इथे उपचाराचा मोठा भाग आहे.

आपल्याकडे दोन गोष्टी चुकतात. एक, बाई सांगतच नाही. 'या वयात कसलं सांगायचं', 'उष्णता झाली असेल', 'पाळी परत आली म्हणजे अंगात अजून ताकद आहे' असं म्हणत महिने जातात. दुसरी चूक याच्या अगदी उलट: सांगितल्याबरोबर कुणीतरी म्हणतं, 'आता पिशवीचं काय काम, काढून टाका.' कारण न शोधता पिशवी काढणंही तितकंच धोक्याचं आहे. का, ते पुढे येईलच. या लेखात तपासणीचा योग्य क्रम सांगितला आहे. स्वतःसाठी वाचत असाल किंवा आईसाठी, सासूबाईंसाठी, गावाकडच्या आत्यासाठी, तरी चालेल.

पाळी खरोखर गेली आहे ना?

सलग १२ महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. दहा महिन्यांनी आलेलं रक्त हे पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरचं असू शकतं. पण ते खूप असेल, लांबलं असेल किंवा वारंवार येत असेल, तर तेही दाखवायचंच. पंचेचाळिशीनंतरच्या अनियमित रक्तस्रावाला 'वयच आहे' म्हणून सोडून देऊ नये.

दोन वेगळे गट आहेत. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी ज्या हार्मोन्सच्या गोळ्या रोज घेतात, त्यांना पहिल्या सहा महिन्यांत अधूनमधून डाग पडू शकतात. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले, किंवा मधे बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर तपासणी लागते. दुसरा गट पिशवी काढलेल्या बायकांचा. त्यांना वाटतं आता आपला काय संबंध. पण योनीतून रक्त येऊ शकतं, आणि काही ऑपरेशनांत गर्भाशयाचं मुख तसंच ठेवलेलं असतं, तिथूनही येऊ शकतं. त्यांनीही दाखवायचं.

रक्त नेमकं कुठून येतंय?

लघवीची जागा, योनी आणि शौचाची जागा इतक्या जवळ असतात की कपड्यावरचा डाग कुठला, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. लघवी करताना पाण्यात रक्त दिसतंय का, शौचाच्या वेळी ताजं लाल रक्त येतंय का, की नुसतं बसल्या-बसल्या पॅड खराब होतंय, एवढं दोन-तीन दिवस लक्ष ठेवून पाहा. पॅड नसेल तर पांढरा स्वच्छ सुती कपडा वापरा, रंग नीट कळतो. मात्र हे बघण्यासाठी डॉक्टरांकडे जाणं पुढे ढकलू नका. लघवीतून किंवा शौचातून रक्त आलं, तरी त्याचाही तपास लागतोच. ते मूळव्याध म्हणून गृहीत धरू नये.

ज्यांचं अंग बाहेर येतं, त्यांच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण खेड्यापाड्यांत अशा बायका फार आहेत आणि त्या वर्षानुवर्षं गप्प असतात. बाहेर आलेला भाग लुगड्याला, मांड्यांना घासत राहतो, त्याला जखम होते आणि रक्त येतं. कारण बहुतेक वेळा हेच असतं. तरीही पिशवीच्या आतलं अस्तर तपासल्याशिवाय 'जखमेचंच रक्त' असा शिक्का मारायचा नाही. काहींनी अंग आत राहावं म्हणून कधीकाळी रिंग बसवलेली असते आणि ती काढायची राहून गेलेली असते. तशीच मूल होऊ नये म्हणून बसवलेली आणि विसरलेली तांबीही सापडते. ऐंशीच्या आसपास वय असलेल्या आज्यांमध्ये तर १९६५ नंतर सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात गर्भाशयात बसवलेला लूप अजून आत असू शकतो. म्हणून विचारा: 'आजी, पूर्वी कधी काही बसवलं होतं का? ते काढलं का?'

दवाखान्यात जाण्याआधी

एका कागदावर या गोष्टी लिहून न्या: शेवटची पाळी साधारण कधी आली होती, हे रक्त कोणत्या तारखेला सुरू झालं, किती दिवस टिकलं, किती पॅड किंवा कपडे लागले, गाठी पडल्या का, संबंधानंतर आलं का, वास, खाज, पोटात दुखणं, ताप, वजन कमी होणं यांपैकी काही आहे का. साखर, रक्तदाब, थायरॉइड असेल तर तेही लिहा. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे आठवून ठेवा. काही कुटुंबांत हे आजार एकत्र आणि कमी वयात येतात, तिथे डॉक्टर जास्त सावध राहतात.

औषधांची नावं पाठ नसतील तर गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या. त्यातली दोन फार महत्त्वाची आहेत. स्तनाच्या कर्करोगानंतर दिलेली टॅमॉक्सिफेनची गोळी गर्भाशयाचं अस्तर जाड करू शकते आणि पाळी गेलेल्या बाईत तिथल्या कर्करोगाचा धोका वाढवते. ती चालू असताना डाग पडला, की लगेच सांगायचं. दुसरं, हृदयासाठी किंवा रक्ताची गुठळी झाल्यावर दिलेली रक्त पातळ करणारी औषधं. त्यांनी रक्त जास्त जातं हे खरं, पण जे कारण आत लपलेलं आहे ते या औषधांमुळे लवकर बाहेर पडलं असंही असू शकतं. म्हणून सगळा दोष गोळीवर टाकून मोकळं होऊ नये. आणि यांपैकी कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता न करायच्या गोष्टी. मेडिकलमधून रक्त थांबवायची गोळी आणून घेऊ नका. पाळी पुढे ढकलायची हार्मोनची गोळी तर मुळीच नको. तिने रक्त थांबतं, घरच्यांना हायसं वाटतं, तपासणी मागे पडते, आणि पुढे अस्तराचा तुकडा काढून तपासला तरी हार्मोनमुळे त्यातलं चित्र बदललेलं असतं. काढे, अरिष्टं, सब्जा-गुलकंद यांचंही तेच. घ्यायचं ते निदान झाल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्या. तपासणीच्या आदल्या दिवशी योनीत क्रीम किंवा गोळी ठेवू नका आणि आतून धुऊ नका.

अनेकजणी 'रक्त थांबलं की जाते' असं ठरवतात. थांबायची गरज नाही. रक्त चालू असतानाही तपासणी होते, आणि रक्त कुठून येतंय हे तेव्हाच उत्तम दिसतं. डॉक्टरांना त्यात काही अवघड वाटत नाही.

तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, किंवा ताप येऊन घाण वासाचं पाणी जातंय, तर वेळ ठरवून जायचं नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी इस्पितळ गाठायचं.

पहिली तपासणी: डोळ्यांनी आणि हातांनी

मला सगळ्यात जास्त आग्रह याच पायरीचा धरावासा वाटतो, कारण गर्दीत नेमकी हीच गाळली जाते. बाई तक्रार सांगते, चिठ्ठीवर सोनोग्राफी लिहिली जाते, आणि आतून कुणी पाहतच नाही. भारतात बायकांच्या कर्करोगात स्तनाच्या खालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग येतो. तो स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन, लावून पाहिला तर अनेकदा नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि सोनोग्राफीत सहज निसटतो. त्यामुळे आतून न तपासता सोनोग्राफीला पाठवलं, तर शांतपणे विचारा, 'मॅडम, आधी आतून पाहून घेता का?' हे विचारणं उद्धटपणाचं नाही.

तपासणीत आधी पोट चाचपतात. मग टेबलावर पाय वर घेऊन झोपवतात. बाहेरची त्वचा आणि लघवीची जागा पाहतात. नंतर स्पेक्युलम लावून योनी आणि गर्भाशयाचं मुख पाहतात, आणि शेवटी दोन बोटांनी पिशवीचा आकार आणि आजूबाजूच्या गाठी तपासतात. पाळी गेल्यावर योनी कोरडी आणि नाजूक झालेली असते, त्यामुळे थोडं टोचतं. 'लहान स्पेक्युलम वापरा, हळू करा' असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बाई डॉक्टर हव्या असतील, सोबत मुलगी किंवा नर्स हवी असेल, तर तसंही सांगा. आणि बरोबर आलेल्या मुलग्यांनो, थोडा वेळ बाहेर बसा. संबंधांनंतर रक्त येतं हे आई तुमच्यासमोर सांगणार नाही.

याच वेळी बहुधा पॅप स्मिअर घेतात, म्हणजे मुखावरच्या पेशी ब्रशने खरवडून तपासायला पाठवतात. इथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मुखावर गाठ किंवा व्रण दिसत असेल तर पॅपवर थांबायचं नाही, सरळ तिथला तुकडा घ्यायचा. आणि पॅपचा अहवाल चांगला आला म्हणजे पिशवीच्या आतला कर्करोग नाही असं सिद्ध होत नाही. पॅप मुखासाठी आहे, आतल्या अस्तराची तपासणी वेगळी. गावात शिबिरात तपासणी झाली, 'सगळं नॉर्मल' म्हणाले, म्हणून रक्ताकडे काणाडोळा करणाऱ्या बायकांना हे मुद्दाम सांगा.

सोबत हिमोग्लोबिन, साखर आणि गरजेप्रमाणे बाकीच्या रक्ताच्या तपासण्या होतात.

सोनोग्राफी आणि ४ मिलिमीटरची रेघ

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा इथे योनीमार्गे केलेली सोनोग्राफी जास्त कामाची. पोटावरच्या सोनोग्राफीला तट्ट भरलेली लघवी लागते, योनीमार्गे करताना मात्र लघवी करून यायचं असतं. केंद्रावर तासभर पाणी पिऊन कळ सोसत बसण्याआधी कोणती करणार आहेत हे विचारून घ्या. बोटाएवढा जाड प्रोब, त्यावर निरोधचं आवरण आणि जेल, पाच-दहा मिनिटांचं काम. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, इजा होत नाही. अविवाहित असाल किंवा योनी फार अरुंद झाली असेल, तर आधी सांगा. पोटावरून किंवा गुदमार्गे पाहता येतं.

यात मुख्य मोजमाप असतं गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. अहवालात ती 'एंडोमेट्रियल थिकनेस' किंवा नुसतं 'ईटी' अशी लिहिलेली असते. पाळी गेल्यावर हे अस्तर झिजून पातळ होतं. रक्त गेलेल्या बाईत जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, आणि अस्तराची रेघ पूर्ण, स्वच्छ दिसली असेल, तर अस्तराचा कर्करोग असण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. अशा वेळी पहिल्यांदाच रक्त गेलं असेल तर लगेच तुकडा न घेता लक्ष ठेवणं मान्य आहे. ४ च्या वर असेल, तर तुकडा घ्यायचा.

या आकड्याला अपवाद आहेत आणि ते आकड्याइतकेच महत्त्वाचे. रक्त पुन्हा गेलं, तर जाडी ३ असली तरी तुकडा घ्यायचा, कारण काही आक्रमक प्रकारचे कर्करोग पातळ अस्तरातही वाढतात. फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठीमुळे) किंवा पिशवी तिरकी असल्यामुळे रेघ नीट दिसली नसेल, तर 'दिसलं नाही' म्हणजे 'नाही' असं धरायचं नाही, तुकडा घ्यायचा. पिशवीत पाणी किंवा पू साठलेला दिसला, तर त्यामागे काय दडलंय ते बघायचं. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर जाडीच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रक्त गेलं की सरळ तुकडा. आणि दोन्ही अंडाशयांबद्दल अहवालात ओळ आहे का ते पाहा. अंडाशयाच्या काही गाठी इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करतात, त्याने अस्तर जाड होऊन रक्त जातं.

जाता जाता, रक्त न गेलेल्या बायकांसाठी. पोटदुखीसाठी किंवा नुसत्या तपासणीसाठी सोनोग्राफी केली, त्यात 'ईटी ६ मिमी' लिहून आलं आणि घरभर घबराट झाली, असं खूप होतं. ४ ची मर्यादा ही रक्त गेलेल्यांसाठी आहे. रक्त गेलंच नसेल तर ती तशीच्या तशी लागू होत नाही. ११ च्या पुढे जाडी असेल किंवा लठ्ठपणा, मधुमेह, टॅमॉक्सिफेन असं काही सोबत असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. ६ मिलिमीटरवर पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तुकडा तपासणे, म्हणजे बायोप्सी

निदान इथे होतं. सोनोग्राफी सावली दाखवते, पेशी काय आहेत हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

सगळ्यात सोपी पद्धत पिपेलची. साधारण ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी मुखातून आत घालतात आणि अस्तराचा नमुना ओढून घेतात. भूल लागत नाही, ओपीडीतच होतं, मिनिटा-दोन मिनिटांचं काम. पाळीत यायची तशी जोरात कळ येते. तासभर आधी दुखण्यावरची कोणती गोळी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठेवा. नंतर एक-दोन दिवस थोडे डाग पडतात.

पिपेलने अस्तर सगळीकडे बिघडलं असेल तर ते चांगलं पकडलं जातं. पण कोपऱ्यात अस्तरावर वाढलेला छोटा कोंब (पॉलिप) असेल, तर नळी त्याच्या बाजूने निघून जाऊ शकते. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. म्हणून सोनोग्राफीत कोंब दिसला असेल, पिपेलचा अहवाल साधा येऊनही रक्त जात राहिलं असेल, किंवा नमुना अपुरा आला असेल, तर हिस्टेरोस्कोपी करतात. बारीक दुर्बीण आत घालून, सगळी पोकळी डोळ्यांनी पाहून, नेमक्या जागेचा तुकडा घेतात, आणि कोंब असेल तर त्याच वेळी काढतातही. दुर्बीण नसेल तिथे भूल देऊन क्युरेटिंग करतात, म्हणजे अस्तर खरवडून काढतात. त्यातही काही भाग राहून जाऊ शकतो, म्हणून सोय असेल तर दुर्बिणीसोबतच करावं असं माझं मत आहे.

'तुकडा काढला की कर्करोग पसरतो' ही भीती मी इथे स्पष्टपणे खोडते. तुकडा घेतल्याने आजार पसरून बरा होण्याची संधी जात नाही. तुकडा न घेतल्याने मात्र जाते.

नमुना घेतल्यावर अनेक छोट्या दवाखान्यांत बाटली नातेवाइकांच्या हातात देऊन 'लॅबमध्ये नेऊन द्या' म्हणतात. बाटलीवर रुग्णाचं पूर्ण नाव, वय, तारीख आणि नमुना कुठला हे लिहिलंय का पाहा. नमुना फॉर्मेलिनमध्ये असायला हवा, पाण्यात किंवा सलाइनमध्ये नाही. त्याच दिवशी पोचवा, पावती घ्या, आणि अहवाल कधी मिळणार ते विचारा. साधारण आठवडा लागतो. अहवाल आणायला कुणी गेलंच नाही, अशा फायली प्रत्येक इस्पितळात असतात. तुमची त्यात नको.

अहवालात काय लिहिलंय?

'एट्रोफिक' म्हणजे अस्तर वयाप्रमाणे झिजलेलं आहे. रक्ताचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. योनीही कोरडी असेल तर डॉक्टर कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात.

'पॉलिप' म्हणजे कोंब. बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात, पण पाळी गेलेल्या आणि रक्त जाणाऱ्या बाईत कोंब काढून, पूर्ण तपासून घ्यायचा असतो.

'प्रोलिफरेटिव्ह' आलं तर कर्करोग नाही, पण शरीरात कुठून तरी इस्ट्रोजेन मिळतंय. बाहेरून घेतलेली हार्मोन्स, जास्त वजन किंवा अंडाशयाची गाठ. चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं, लठ्ठ बायकांत या कर्करोगाचा धोका जास्त असतो तो त्यामुळेच. मात्र बारीक बायकांना होत नाही असं मुळीच नाही.

'हायपरप्लेशिया विदाउट एटिपिया' म्हणजे अस्तर वाजवीपेक्षा वाढलंय, पण पेशी बिघडलेल्या नाहीत. वीस वर्षांत कर्करोगात बदलण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हार्मोन असलेलं गर्भाशयातलं साधन यांनी बहुतेकांचं अस्तर ताळ्यावर येतं. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासतात.

'एटिपिकल हायपरप्लेशिया' हे वेगळं प्रकरण आहे. हा कर्करोगाच्या आधीचा टप्पा, आणि अनेकजणींमध्ये कर्करोग शेजारीच सुरू झालेला असतो. पाळी गेलेल्या बाईत इथे पिशवी काढण्याचा सल्ला योग्य असतो.

'एडेनोकार्सिनोमा' म्हणजे कर्करोग. पुढे ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत, ती लिहिलेली असते, किंवा 'सीरस' असा आक्रमक प्रकार. आता एमआरआय, गरजेप्रमाणे सीटी, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं.

'इनॲडिक्वेट', म्हणजे नमुना अपुरा. याला 'नॉर्मल' समजू नका. अस्तर पातळ असेल आणि रक्त थांबलं असेल तर डॉक्टर थांबू शकतात. अस्तर जाड असेल किंवा रक्त जातंय, तर पुन्हा नमुना लागतो.

आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोगही कधी कधी याच तुकड्यात सापडतो. तो औषधांनी बरा होतो.

पिशवी काढायची घाई का नको

समजा मुखाचा कर्करोग आहे आणि तो न ओळखताच साधी पिशवी काढली. आजार मागे उरतो, पुढचे उपचार अवघड होतात, आणि योग्य उपचारांनी मिळाली असती ती संधी कमी होते. अस्तराचा कर्करोग असेल तर ऑपरेशन वेगळ्या तयारीने करावं लागतं: नळ्या आणि अंडाशय काढणं, गरजेप्रमाणे लसिकाग्रंथी तपासणं, पोटात इतरत्र पाहणं. पिशवी आतल्या आत तुकडे करून काढायची नसते. आणि कारण झिजलेलं अस्तर किंवा छोटा कोंब असेल, तर मोठ्या ऑपरेशनची गरजच नव्हती.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायका बऱ्याच तरुण होत्या आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. पण 'पिशवी काढली की कटकट मिटली' हा विचार तिथेही होता आणि साठीच्या बाईसमोरही तोच असतो. ऑपरेशन सुचवलं गेलं तर विचारा: निदान काय आहे? तुकड्याचा अहवाल कुठे आहे? औषधाने किंवा दुर्बिणीने भागेल का? काढलेली पिशवी तपासायला पाठवणार ना? तुकडा घेतलेलाच नसेल, तर सहीचा कागद बाजूला ठेवा.

कुठे जायचं, पैशाचं काय

प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात करता येते, आशाताईंना सांगितलं तर त्या सोबतही येतात. पण योनीमार्गे सोनोग्राफी आणि बायोप्सीसाठी उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं: पुण्यात ससून, मुंबईत केईएम किंवा सायन, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी. स्त्रीरोग विभागाची ओपीडी सकाळी असते, लवकर पोचा. कर्करोग निघाला तर परळचं टाटा मेमोरियल आणि नागपूरचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान ही माहितीतली ठिकाणं. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि कर्करोगाचे उपचार त्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, इस्पितळातल्या आरोग्यमित्राला भेटा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं.

मोठ्या इस्पितळात गेलात की ते नुसत्या अहवालावर थांबत नाहीत. तुकड्याच्या मूळ काचपट्ट्या आणि तो ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागतात, स्वतः पुन्हा तपासतात. ते पहिल्या लॅबमधून मागून घ्या; मागितल्यावर देतात. प्रवासात ब्लॉक उन्हात, गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण वितळतं.

पहिला डाग दिसल्यापासून तुकड्याचा अहवाल हातात येईपर्यंत तीन-चार आठवड्यांहून जास्त लागू नयेत असा प्रयत्न करा. लग्नकार्य, सुगी, नातवाची परीक्षा यांसाठी आया हे नेहमी पुढे ढकलतात. त्यांच्या वतीने तारीख घरातल्या कुणीतरी ठरवून टाकावी.

सगळं साधं निघालं, तरी कागद फेकू नका. सोनोग्राफी, पॅप, बायोप्सी, सगळं एका फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी पुन्हा डाग पडला, तर 'मागच्या वेळी काही निघालं नव्हतं' म्हणून घरी बसायचं नाही. तीच फाईल घेऊन पुन्हा जायचं, आणि 'हे दुसऱ्यांदा होतंय' हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.